परसातलं रारोटोंगा

लॉकडाऊनच्या दुसऱ्या फेरीत लेकीच्या शाळेतून प्रोजेक्ट आला. पॅसिफिकमधलं ज्वालामुखीचं एक बेट निवडा, त्याचा भूगोल-इतिहास शोधा आणि मॉडेल बनवा. घरचं झालं थोडं, अन् व्याह्यानं धाडलं घोडं. नवरा शिफ्टला, जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला माझं ऑफिस आणि दुसऱ्या टोकाला लेकीचा चौथीचा वर्ग. मी वैतागून साताऱ्याला बाबांना व्हिडिओ कॉल लावला.

बाबा तिकडे भावाकडे राहत. जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवला, नकाशातल्या प्रत्येक बेटाशी ओळख, पण समुद्रात कधी गुडघाभरही उतरले नाहीत. त्यांचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी जिना चढायलाही मनाई केली होती. आणि मी इकडे परदेशात, वेरिबीला; देशाबाहेर पडायला मला सरकारची परवानगी लागत होती. दोनदा अर्ज केला, दोनदा नकार आला. मला बाबांजवळ जायचं होतं, एवढं साधं कारण कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं. बेटाचं नाव काढल्यावर मात्र बाबा उशी सोडून ताठ बसले.

कुंपणापलीकडची शेजारीण रारोटोंगाची, म्हणून तेच बेट ठरलं. दुपारी एकला, म्हणजे साताऱ्यात सकाळी साडेआठला, बाबांचा तास सुरू व्हायचा. मी परसात फोन बादलीला टेकवून ठेवायची.

"समुद्राच्या तळापासून उठलेला डोंगर आहे तो," बाबा लेकीला सांगत. "आपल्याला दिसतो तो नुसता शेंडा. आतली आग कधीच विझली. मग पावसानं झिजवून झिजवून असे धारदार कडे केले. दगड आपल्या सह्याद्रीसारखाच, काळा."

इथे वेरिबीतही कुदळ मारली की तोच काळा दगड खणकन लागतो. हे सगळं पठारही जुन्या लाव्ह्याचंच. मी तसं सांगितल्यावर बाबा म्हणाले, "मग बाजारात कशाला जायचं? सामान घरातच आहे की."

आम्ही दगड रचले, त्यावर भिजवलेलं पोतं टाकलं, चिखल लिंपला. बाबा सांगत होते, माझे हात आपोआप चालत होते. लेक दोनदा काहीतरी कुरकुरली, आम्ही दोघांनी तिला गप्प बसवलं. तिसऱ्या दिवशी मी मोठ्या ऐटीत शेजारणीला हाक मारली. ती साठीची, मोजकं बोलणारी. कुंपणावर कोपरं टेकून बराच वेळ बघत राहिली.

"ही भिंत कसली?" तिनं विचारलं.

मग मला दिसलं. माथा सपाट करून आम्ही तटबंदी घातली होती. दोन बुरूज होते, वर जाणाऱ्या वळणावळणाच्या पायऱ्या होत्या, आणि उतारावर मोहरीही पेरून झाली होती. दिवाळी लांब होती आणि आम्ही बापलेकींनी पॅसिफिकच्या मधोमध किल्ला बांधला होता.

"आय टोल्ड यू, मम्मा," लेक म्हणाली. "इट्स नॉट अ फोर्ट."

फोनमध्ये बाबा खोकला येईपर्यंत हसले. त्यांना इतकं हसताना मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

"वर कुणी राहत नाही," शेजारीण म्हणाली. "डोंगर ढगांचा. आम्ही सगळे खाली, काठाकाठानं." मग तिनं लेकीकडून नीट करून घेतलं. भोवती प्रवाळाचं कडं, आत उथळ शांत पाणी, डोंगराच्या पायाशी बेटाला फेरी घालणारा जुना दगडी रस्ता. पूर्वेला त्या प्रवाळात एक खिंड ठेवायला लावली. तिथून फार पूर्वी माणसांनी भरलेल्या होड्या न्यूझीलंडला गेल्या, असं तिकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात.

"गेलेले परत आले का, विचार तिला," बाबा म्हणाले.

मी विचारलं. "काही आले," ती म्हणाली.

किनाऱ्यावर लेकीनं काड्यापेट्यांची घरं मांडली. शेजारणीनं प्रत्येक घरापुढे एक पांढरा खडा ठेवायला सांगितला. ही थडगी. तिकडे आपलं माणूस घरासमोरच पुरतात, येता-जाता त्याच्याशी बोलतात. तिची आई तशीच अंगणात होती. दर वर्षी जाऊन ती थडगं स्वतःच्या हातानं धुवायची. आता विमानं बंद. हे सांगताना तिचा आवाज बदलला नाही, पण ती लगेच घरात गेली.

मी बाबांना सगळं मराठीत सांगितलं. मग त्यांनी लेकीला हात धुवायला आत पाठवायला लावलं.

"चांगली रीत आहे," ते म्हणाले. "आपल्यात तसं नाही. हे बघ बाळ, तुझ्या भावाला मी सांगून ठेवलंय. माझं काही झालं तर तुझ्यासाठी थांबायचं नाही. उगाच ताटकळत ठेवू नका मला. तूही मनाला लावून घेऊ नकोस."

परसात ऊन होतं. माझ्या हातावरचा चिखल वाळत होता. मला ओरडायचं होतं की बाबा, थांबा, मी येतेय, तिसरा अर्ज करते, दहावा करते. पण त्यांचा चेहरा इतका निवांत होता की मी "बरं" म्हणाले.

पुढच्याच महिन्यात बाबा गेले. भाऊ माझ्यासाठी थांबला नाही, कारण तसं ठरलं होतं. जन्मभर बाबांच्या प्रत्येक शब्दाला मी उलट उत्तर दिलं, आणि जिथं भांडायला हवं होतं तिथं मुकाट्यानं ऐकलं.