बडीशेपकाकूंची राखीव बरणी

गल्लीत तिला सगळे बडीशेपकाकू म्हणत. ती जवळून गेली की वास मागे रेंगाळायचा. घराच्या मागच्या खोलीत तांब्याचं मोठं पात्र होतं, त्यात ती बडीशेप घालून दारू गाळायची. लोक खुशाल पहिल्या धारेचं कौतुक करोत, काकूचा जीव मधल्या धारेत. पहिली डोकं उठवते आणि शेवटचीला ओल्या फडक्याचा वास येतो, म्हणून त्या दोन्ही ती वेगळ्या काढून ठेवायची.

साखरेशी मात्र तिचं हाडवैर. संत्र्याची, कॉफीची, चेरीची, कुठलीही लिक्युअर घ्या, चवीच्या दारूत साखरेचा पाक घातला की झाली. बडीशेपेची तेवढी साखरेवाचूनही ताठ उभी राहते आणि पाणी घातलं की दुधासारखी पांढरी होते. पाक घाला, मग तीही त्या गोड गोतावळ्यात जाऊन बसते. "आणि साखरेखाली काहीही खपतं," असं काकू नाक मुरडून म्हणायची.

यंदा तिच्या बिनसाखरेच्या बाटल्यांना कुणी विचारेना. मुलाने एका हॉटेलवाल्याकडून गोड बडीशेपेची मोठी ऑर्डर आणली. ती हातची गेली तर पात्र विकायचं, असं मायलेकांत ठरलं होतं. काकूने दातओठ खाल्ले, पण हो म्हटलं.

माल द्यायच्या आदल्या दिवशी दारू कमी पडली. मुलाने शेवटच्या धारेचा कॅन उचलला.

"आई, हे मिसळतो. पाकात कुणाला कळतंय?"

"मला कळतंय. ठेव खाली."

"अगं, ऑर्डर जाईल! पात्र जाईल!"

"जाऊ दे."

तिने कॅन हिसकावला आणि मोरीत उपडा केला. मुलगा डोक्याला हात लावून बसला. पण मागे हटेल तर ती काकू कसली! तिने फडताळातून मोठी बरणी काढली. यंदाची सगळ्यात उत्तम दारू तिने त्यात बिनसाखरेचीच ठेवायची म्हणून राखली होती.

"आई, ती नको गं."

"पाक आण."

पाक घाईने ओतला की दारू गढूळते. काकूने तो अगदी बारीक धारेने ओतला, दुसऱ्या हाताने ढवळत राहिली. डोळ्यांत पाणी आलं, पण पुसायला हात मोकळा नव्हता. दारू शेवटपर्यंत नितळ राहिली.

मुलाने चमचाभर चाखली आणि त्याचा चेहराच उजळला.

"आई, काय छान झालीय!"

"गोड झालीय," काकू म्हणाली. "छान ती आधीच होती."