अर्क न घातलेली चौथी बाटली

डिसेंबरातला रविवार, सकाळचे साडेनऊ. हजर: मी, एमएस्सीला असलेली माझी मुलगी आणि प्रयोगशाळेची किल्ली सांभाळणारे भैया. गैरहजर: मिस्टर, रेल्वेत ड्यूटी. सुट्टीच्या दिवशी मुलीने एकटीने प्रयोगशाळेत बसायचं नाही, असा कॉलेजचा नियम, म्हणून मी.

मुलीचा प्रयोग मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, पाल्याचा. पाला उकळून गाळायचा आणि तो अर्क चांदीचा क्षार विरघळवलेल्या पाण्यात घालायचा. मग डोळ्यांना न दिसणारे चांदीचे बारीक कण तयार होतात आणि पाणी चहासारखं तपकिरी होतं. दोनदा प्रयोग फसला होता. सोमवारी नीट दाखवला नाही तर विषय बदला, असं तिच्या मॅडमनी बजावलं होतं.

पाला मी आणला होता, समता कॉलोनीतल्या जावेच्या झाडाचा, तीनदा धुतलेला. चार बाटल्या तयार करून मुलगी फोन घ्यायला बाहेर गेली. मी माझी वही पाहिली; प्रयोगाची सगळी कामं मी त्यात ओळीने लिहून ठेवली होती, झालं की पुढे खूण. अर्क घातला: एक, दोन, तीन. चौथीपुढे खूण नाही. पोट्टी विसरली! मी मापाने अर्क ओतला आणि खूण केली.

तासाभराने चारही बाटल्यांत चहा.

“आई, चौथीत काय टाकलं तू?”

“तू विसरली होती ते.”

“अरे यार, वो ऐसे ही रखनी थी! अर्काशिवाय पाणी साफच राहते, हे दाखवाचं होतं. आता मॅडम म्हणतीन, रंग पाल्यानंच आला कशावरून?”

मी वही मिटली.

“दीदी को लगा, दाल में तड़का रह गया,” भैया म्हणाले. मुलगी हसली नाही.

क्षाराच्या डबीत तळाशी थोडेसे खडे चिकटले होते. हातमोजे न घालताच मी ते खरवडून काढले. वजन केलं, एका बाटलीपुरते भरले. बिघडलेली बाटली बाजूला सारली आणि ते पाण्यात विरघळवून, अर्क न घालता, नवी चौथी बाटली उन्हापासून दूर, बाकीच्या तिघींच्या शेजारी ठेवली.

“आता हात मांडीवर ठेव,” मुलगी म्हणाली.

ठेवले. इतका लांब तास मी ऑफिसातही काढलेला नाही. एक वाजला तरी चौथी नळाच्या पाण्यासारखी स्वच्छ! मुलीने फोटो काढला आणि मग क्षाराने काळ्या पडलेल्या माझ्या बोटाकडे पाहून खळखळून हसली.

“वोट डाल आए क्या, दीदी?” भैयांनी विचारलं.

बाटल्या कपाटात गेल्या. वहीतलं शेवटचं काम ‘चारही बाटल्या धुणे’. मी ब्रश उचललाही होता, पण मुलीने तो हातातून काढून घेतला. मॅडम बघेपर्यंत नाही, म्हणाली. वहीत त्या कामापुढे खूण नाही.