पट्ट्या कापलेली टाकी

गेवराईच्या बाहेर, महामार्गाला लागून असलेल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये मी नोकरी करत होते. तिथे तुरीच्या बियाण्याला चोळायचं जिवाणू खत बनायचं. जिवाणू वाढायचे एका मोठ्या स्टीलच्या टाकीत. खालून हवा सोडायची आणि मधल्या दांड्याच्या पात्यांनी ती सगळीकडे पोचवायची. हवा मिळाली तर जिवाणू जगतात. एवढं साधं होतं, आणि तेवढंच मालकाच्या डोक्यात शिरत नव्हतं.

टाकीच्या आत भिंतीला उभ्या पट्ट्या होत्या. त्यांच्या मागे चिकट थर बसायचा आणि तो घासण्यात फार वेळ जायचा. मी सुट्टीवर काय गेले, मालकाने वेल्डर बोलावून त्या कापूनच टाकल्या. वर मलाच ऐकवलं, "मॅडम, आता बघा कसं मस्त फिरतंय!"

फिरत होतं खरं. त्या पट्ट्या पाण्याला अडवतात, म्हणून ते वर-खाली होऊन मिसळतं. त्या गेल्यावर सगळं द्रावण नुसतं गरगरायला लागलं, मधे भोवरा पडला आणि हवेचे बुडबुडे मधूनच वर निघून गेले. कडेचे जिवाणू गुदमरले. पण झाकणाच्या काचेतून भोवरा दिसतो, गुदमरणं दिसत नाही. शेतकऱ्यांचे गट पाहायला यायचे आणि एकमेकांना कोपरखळ्या मारत म्हणायचे, "लई भारी हाय बे!" मालकाने त्याचा व्हिडिओ काढून गावोगावच्या ग्रुपवर टाकला.

मी नमुना तपासून त्याच्यासमोर ठेवला. काचेच्या बशीत जिवाणूंची गर्दी हवी, तिथे चार ठिपके उगवले होते. "बाटल्या भरा," तो म्हणाला. त्या मी भरल्या नाहीत; त्याने दुसऱ्यांकडून भरून घेतल्या. नोकरी सोडून गावी, चकलांब्याला आले, तर बाटल्या माझ्या आधीच घरात.

अप्पांनीच मागवल्या होत्या. "माझ्या लेकीनं बनवलंय," असं सांगत माझ्या बापाने त्या भावकीत वाटल्याही होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं आणि म्हणाले, परत घ्या. त्यांनी एक बाटली उचलून परत जागेवर ठेवली.

"तुझं नाव घेऊन दिलंय, पोरी. आता आपल्याच रानात न्हाई वापरलं, तर लोक काय म्हन्तील?"

मालकाचा राग होताच, पण त्या घटकेला अप्पांचा जास्त आला.

सकाळी त्यांनी अंगणात घमेल्यात तुरीचं बी घेतलं आणि वरून बाटली ओतली. शेजारचे काका येऊन उभे राहिले.

"पोरी, चांगलं हाय न्हवं हे?"

"नाही काका. मेलेलं आहे ते."

काका खदाखदा हसले. त्यांना वाटलं, मी चेष्टा करतेय. अप्पा हसले नाहीत. मान खाली घालून ते बी चोळत राहिले, एकही दाणा कोरडा राहू नये म्हणून घमेल्याच्या तळापर्यंत हात घालून.