कापडाखालचा अंदाज

बहात्तरच्या जूनमध्ये, बाजाराच्या दिवशी, खेडलेकर सर घोडेगावच्या आमच्या शाळेत विज्ञान शिकवायला आले. त्यांनी हजेरी घेतली. पुस्तके दप्तरात ठेवायला सांगितली. मग त्यांनी नववीचा वर्ग बैलबाजारात नेला.

त्या दिवसापर्यंत वर्गात माझा पहिला नंबर असे. विज्ञानाचे पुस्तक मला असे पाठ होते की कोणती आकृती कोणत्या पानावर आहे तेही मी डोळे मिटून सांगत असे. सरांनी मला एका खिलार बैलासमोर उभे केले आणि विचारले, "हा किती वजनाचा असेल?"

मी म्हणालो, "सर, हे पुस्तकात नाही."

सरांना हसू आले. त्यांची ती सवय मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. हसू आले की सरांच्या गुडघ्यांतले बळ जाई आणि ते जिथे असतील तिथेच बसत. वर्गात असले तर टेबलावर, व्हरांड्यात असले तर पायरीवर. त्या दिवशी ते बैलांच्या मधोमध मातीत बसले, पांढऱ्या लेंग्यासकट. बैलाने मान वळवून त्यांना हुंगले. सर खालूनच म्हणाले, "बघ, हा माझा अंदाज घेतोय. याचं कुठल्या पानावाचून अडत नाही."

सर मूळचे बेलापूरचे. उंच, काटकुळे, खांद्यावर कायम एक पंचा. फळ्यापासून सायकलच्या साखळीपर्यंत सगळे ते त्याच पंच्याने पुसत. त्यांचे वडील भिक्षुकी करत. सर म्हणत, "बाबा मुहूर्त सांगतात, मी तापमान सांगतो. अधूनमधून दोघांचंही चुकतं. फरक एवढाच की माझं चुकलेलं मोजता येतं."

चुकण्याची त्यांना विलक्षण आवड होती. कोणी चुकीचे उत्तर दिले की आमच्या आधीच्या गुरुजींचा हात छडीकडे जाई. सर टाळी वाजवत. "चुकलास? झकास! आता कुठं चुकलास ते सांग." त्यांचे दुसरे वाक्य म्हणजे, "अंदाज आधी, मोजणी मग." पाणी उकळायला ठेवले की आधी अंदाज. शाळेपुढच्या कडुलिंबाची सावली मोजायची, आधी अंदाज. एकदा मुख्याध्यापक वर्गात आले तर सरांनी आम्हाला त्यांच्या उंचीचा अंदाज करायला लावला आणि मग खरोखरच पट्टी मागितली. मुख्याध्यापक निघून गेले. ते गेले त्या दाराची उंची सरांनी मोजून घेतली आणि तेवढ्यावर समाधान मानले.

पण या अंदाजात एक अडचण होती. वर्गात बबन नावाचा मुलगा होता. त्याचे वडील बाजारात दलाली करत, आणि बबनचा आवाज थेट बाजारातला. तो आधी ओरडे, "दोन फूट!" की सगळा वर्ग दोन फूट. मीही दोन फूट. फक्त शालन, तलाठ्यांची मुलगी, फटकळपणे म्हणे, "दोन फूट तुझं डोकं."

सरांनी यावर बाजारातलाच उपाय काढला. घोडेगावच्या बाजारात जनावराचा भाव तोंडाने बोलत नाहीत. दलाल आणि गिऱ्हाईक हातांवर कापड टाकतात आणि कापडाखाली बोटे दाबून आकडा सांगतात. चार बोटे धरली की चार, सगळा पंजा धरला की पाच. आजूबाजूला पन्नास माणसे उभी असली तरी कोणाला पत्ता लागत नाही. सर म्हणाले, "अरे, किती शहाणी पद्धत आहे! दुसऱ्याचा आकडा कानावर पडला की आपला आकडा बिघडतो. आजपासून अंदाज पंच्याखाली."

झाले. विज्ञानाच्या तासाला आम्ही ओळीने जाऊन सरांच्या हातावरच्या पंच्याखाली बोटे दाबू लागलो. शालन त्यांची बोटे अशी करकचून दाबे की सर कळवळून म्हणत, "शालन, आकडा सांग, सूड नको!" सगळ्यांचे झाले की सर आकडे फळ्यावर लिहीत, मग मोजणी होई, आणि मग चुका शोधण्याचा गोंधळ. शेजारच्या वर्गातल्या संस्कृतच्या बाई दोनदा विचारून गेल्या, की इथे नक्की काय चालू आहे.

हे सगळे चाले ती खोली म्हणजे आमची प्रयोगशाळा. तिच्यात एक तराजू होता, त्याचे एक पारडे म्हणजे तेलाच्या डब्याचे झाकण. दोन परीक्षानळ्या, एक स्पिरिटचा दिवा आणि काचेच्या बरणीत एक साप. पावसाने त्या वर्षी तोंड दाखवले नाही. मुलांसाठी सुकडी, म्हणजे दुष्काळी मदतीचा पौष्टिक खाऊ, येणार असे दिवाळीनंतर ठरले आणि ती ठेवायला कोरडी, कुलपाची खोली हवी झाली. तशी खोली शाळेत एकच होती.

शाळा समितीचे अध्यक्ष अण्णा स्वतः आले. दारात उभे राहून त्यांनी बरणीकडे पाहिले. "मास्तर, ह्या मेलेल्या सापाला एवढी खोली, आन जित्या पोरांच्या सुकडीला जागा न्हाई व्हय?"

सर म्हणाले, "अण्णा, जानेवारीत जिल्ह्याची विज्ञानाची स्पर्धा परीक्षा आहे. तोवर थांबा. सुकडी यायला अजून वेळ आहे."

"परीक्षेनं काय हुईल?"

"आपलं एक पोर गुणवत्ता यादीत येईल."

अण्णा हसले. "आपल्या गावाचं नाव आजपातुर जनावरांच्या यादीत आलंय, मास्तर. बरं, ऱ्हायलं. एक जरी नाव लागलं तर खोली तुमची, कायमची. न्हाई लागलं तर साप उचलायचा."

सरांनी लगेच हात पुढे केला आणि, सवयीने, त्यावर पंचा टाकला. अण्णांनीही सवयीने पंच्याखाली एक बोट दाबले. एक नाव. सौदा ठरला.

परीक्षेला तिघे निवडले गेले: मी, शालन आणि बबन. माझ्याबद्दल कोणाला शंका नव्हती. शालनचे नाव सगळ्यांना पटले. बबनचे नाव ऐकून खुद्द बबनच उठून उभा राहिला. "सर, मला न्हाई जमायचं. मी लई चुकतो."

"म्हणूनच," सर म्हणाले. "चुकण्याचा एवढा सराव वर्गात दुसऱ्या कोणाला आहे?"

पुढचे दोन महिने आम्ही वेडे झालो होतो, दुसरा शब्द नाही. सकाळी शाळेआधी, संध्याकाळी शाळेनंतर. सर सायकलवरून प्रश्न फेकत आणि आम्ही मागे धावत उत्तरे देत असू. शालनच्या आईने एकदा पिठले केले तर शालनने त्याच्या उकळण्यावर व्याख्यान दिले आणि पिठले लागले. बबनने घरच्या म्हशीचे तापमान घेतले. म्हशीने तापमापी मोडली. सर आधी कपाळाला हात लावून उभे राहिले, कारण तापमापी एकच होती, आणि मग पायरीवर बसले.

परीक्षा नगरला होती. एस.टी.त बबनच्या आईने दिलेल्या भाकरी आणि ठेचा खाल्ला आणि तिघेही डोळ्यांत पाणी घेऊन उतरलो. सकाळी लेखी झाली. दुपारी प्रात्यक्षिक आणि तोंडी. टेबलामागे तीन परीक्षक, मधल्या मुख्य परीक्षकांचा चेहरा असा की त्यांच्यापुढे घड्याळानेही जपून वाजावे. टेबलावर एक काळा दगड, शेजारी तराजू. सर बाहेर व्हरांड्यात.

मुख्य परीक्षक म्हणाले, "या दगडाचं वजन किती असेल? आधी अंदाज सांगा, मग वजन करा."

अंदाज आधी! बबनचा चेहरा उजळला. त्याने खिशातून रुमाल काढला, पुढे झाला, मुख्य परीक्षकांच्या हातावर टाकला आणि खाली हात घालून त्यांची चार बोटे धरली. मग सगळा पंजा धरला. चार शेकडे आणि पाच दहा, म्हणजे साडेचारशे ग्रॅम.

विंचू चावावा तसा त्यांनी हात मागे घेतला. "हे काय? या कसल्या खुणा? कोणी शिकवलं हे?"

"सरांनी," बबन म्हणाला.

"कॉपीच्या खुणा शिकवतात तुमचे सर?"

मला अण्णा दिसू लागले, आणि बरणी उचलणारे सर. शालन मात्र पुढे झाली. "कॉपी होऊ नये म्हणून आहे ते! मोठ्यानं सांगितलं की हा दुसरा लगेच त्याचंच सांगतो." हा दुसरा म्हणजे मी.

सरांना आत बोलावले. मुख्य परीक्षक म्हणाले, "अहो खेडलेकर, हा काय बैलबाजार आहे?"

"नाही, साहेब," सर नम्रपणे म्हणाले. "बैलबाजारात इतकी भीती नसते." मग त्यांनी पंचा काढला. "आपण तिघांनी एकदा करून पाहावं. पटलं नाही तर माझ्या मुलांना शून्य द्या."

मी डोळे मिटले. खोली गेली असे मला वाटले. पण उजवीकडचे परीक्षक तरुण होते, त्यांना मोह झाला. आधी तोंडाने अंदाज झाला. मुख्य परीक्षक म्हणाले, "साडेतीनशे." डावीकडचे म्हणाले, "बरोबर, साडेतीनशेच." तरुण परीक्षक म्हणाले, "मीही तेच म्हणणार होतो." मग सरांनी खिडकीतला एक दुसरा दगड आणला आणि खुणा समजावून एकेकाचा अंदाज पंच्याखाली घेतला. आकडे मोठ्याने वाचले: दोनशे, सहाशे, नऊशे.

"नऊशे?" मुख्य परीक्षक तरुणाकडे वळले. "अहो, तुम्ही दगड पाहिला की टेबल?"

"सर, तुमचे दोनशे तरी कुठे..."

"आता पाहा," सर उत्साहाने म्हणाले, "या तिन्हींची सरासरी काढली की ती खऱ्या वजनाच्या अगदी जवळ येईल." त्यांनी दगड पारड्यात ठेवला. सरासरी कुठल्या कुठे राहिली. सर क्षणभर तराजूकडे पाहत राहिले. "माझंसुद्धा चुकलं!" ते म्हणाले, आणि परीक्षेच्या त्या हॉलमध्ये, तीन परीक्षकांसमोर, जमिनीवर बसले. आधी शालन हसली. मग तरुण परीक्षक. मुख्य परीक्षकांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला.

चष्मा लावून त्यांनी पहिल्या दगडाचे वजन करायला सांगितले. ते साडेचारशेपेक्षा बरेच कमी भरले. ते बबनला म्हणाले, "तू का चुकलास?"

हा प्रश्न आम्हाला कोणत्याही पुस्तकात मिळाला नसता. बबनने मान खाजवली. "दगड काळा हाय, सर. काळं जनावर डोळ्याला जड दिसतं. बाजारात बी लोकं तितंच फसत्यात. मी हातात घ्यायला पायजे हुता, नुसता बघितला."

मुख्य परीक्षकांनी काहीतरी लिहिले.

यादी आली तेव्हा तीत घोडेगावचे एकच नाव होते, आणि ते बबनचे. त्याने ते तीनदा वाचले आणि म्हणाला, "सर, छापणारा चुकला आसंल." सर बसले ते उठेचनात. अण्णा शब्दाचे पक्के. नारळ घेऊन आले, प्रयोगशाळेच्या उंबऱ्यावर फोडला आणि म्हणाले, "मास्तर, खोली तुमची. सापाला बी नमस्कार."

त्याच आठवड्यात सुकडीच्या पोत्यांचा ट्रक आला. अण्णांनी दुसरी सोय केली नव्हती. यादीत आपले नाव लागेल असे त्यांना वाटलेच नव्हते. ट्रक उन्हात उभा. अण्णा बाजूला उभे होते, सर वर्गात होते. त्यांनी खिडकीतून पाहिले, खडू ठेवला, जाऊन खोलीचे कुलूप काढले आणि तराजू उचलून बाहेर आणला. मग बरणी. मग आम्हाला हाक मारली, "या रे, पोती धरा!"

मला रडू येत होते. आयुष्यात पहिल्यांदा मी सरांना उलटून बोललो. "सर, खोली आपण जिंकली होती ना?"

"जिंकली म्हणून तर देता येते," सर म्हणाले. "हरलो असतो तर ती नुसती गेली असती. चल, या पोत्याचं वजन किती असेल?"

मी पोत्याला हात घातला. उचलून पाहिले, मग आकडा सांगितला. तो चुकला. सरांनी टाळी वाजवली.

त्या उन्हाळ्यात आमचे विज्ञान लिंबाखाली चालले. सुकडी खायला येणारी लहान मुले हातातली वाटी घेऊन बरणीतला साप बघत बसत, आणि सर त्यांनाही अंदाज विचारत. पुढच्या पावसाळ्यात पोती संपली आणि अण्णांनी खोली परत उघडून दिली.

सर गेल्या पौषात बेलापूरला वारले. बबनने फोनवर सांगितले. मी पोचलो तेव्हा शालन आधीच आली होती. घोडेगावला मी त्यानंतर एकदा जाऊन आलो. खोली आहे. तिच्यात नववीचा वर्ग विज्ञान शिकतो.