चौथा पेला

त्या काकांनी मला फसवलं. पाच वर्षं माझ्याकडून माझं सगळं काढून घेतलं आणि स्वतःचं एक अक्षर दिलं नाही. फूलबाजारात मी तीस वर्षं बसते; मला गंडवणारा हा एकच निघाला.

"घाई काय आहे? आधी बघा तर." हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

पहिल्या दिवशी आमचं भांडणच झालं. त्यांनी निशिगंधाची जुडी उचलली आणि मी सांगितले तितके पैसे निमूट हातावर ठेवले. मी तर भाव वाढवून सांगितला होता, कमी करायच्या तयारीने. "अहो, काही बोलाल की नाही? मी काय भीक मागतेय?"

"तुम्हाला भांडायचंच असेल तर बसतो पाच मिनिटं," म्हणाले. आणि खरंच बसले, उलट्या क्रेटवर.

तेव्हापासून दर शुक्रवारी, अकरानंतर बाजार ओसरला की यायचे. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले, इस्त्रीचा शर्ट, खिशात टॅरोचे पत्ते. पत्ता काढून लग्न, नोकरी, परदेश सांगणारे लोक तुम्हीही पाहिले असतील. काकांचं तसं नव्हतं. ते पत्ता माझ्यापुढे ठेवायचे आणि गप्प.

"याचा अर्थ काय?"

"मला काय माहीत? चित्र तुमच्यापुढे आहे."

"निम्मा तरी सांगा!"

"घाई काय आहे? आधी बघा तर."

मी चिडायची, आणि बघायची. कोसळणारा बुरूज निघाला तेव्हा नवऱ्याने मला घराबाहेर काढलं ती दुपार मी सांगून बसले, आणि तिथून एका टोपलीवर हा गाळा कसा उभा केला तेही. कंदील घेतलेला म्हातारा निघाला तेव्हा म्हटलं, "हे तुम्ही." ते हसले आणि पत्ता गड्डीत सारला.

"हे पत्ते आणले कुठून?"

"घरात होते."

घरात कोण होतं, ते कधी कळलं नाही.

एकदा झाडाखाली हाताची घडी घालून बसलेला माणूस निघाला. पुढ्यात तीन पेले. ढगातून एक हात चौथा पेला देतोय, आणि हा बघतही नाही.

"भाव करतोय," मी लगेच म्हणाले. "आपण घट्ट बसायचं. समोरचा आणखी देतो."

काकांनी पत्ता डोळ्यांजवळ धरला. "आणि त्याने हात मागे घेतला तर?"

मी त्यांना उठवलं. गिऱ्हाईक आलंय म्हटलं. गिऱ्हाईक नव्हतं.

माझी धाकटी बहीण कळवणला असते. आई तिच्याकडे असताना गेली, आणि मला कळवलं ते सगळं उरकल्यावर. अकरा वर्षं मी तिच्याशी बोलले नाही. ती दर रविवारी फोन करायची, मी वाजू द्यायची. आधी माझ्या दारात येऊन माफी माग, मग बघू. तो पत्ता पाहिल्यापासून फोन वाजला की हातातलं काम टाकून मी त्याच्याकडे बघत राहायची. तरी उचलला नाही. आणि एका रविवारी तो वाजलाच नाही.

हे काकांना सांगायचं होतं. त्या शुक्रवारी ते आले नाहीत. पुढच्याही नाहीत. मी जुडी बाजूला ठेवत गेले, सुकली की फेकत गेले. शेवटी समोरचा चहावाला म्हणाला, "ताई, तुम्हाला म्हाईत नाय? काका वारले ना! महिना झाला. लय दिवस दवाखाना चालू होता. शुक्रवारी तिकडूनच तर यायचे."

दवाखान्यातून थेट माझ्याकडे. आणि मी माझंच रडगाणं लावून बसायची. एकदाही विचारलं नाही, आज चेहरा का उतरलाय. तेही बोलले नाहीत. पुन्हा एकदा मला सगळं उरकल्यावर कळलं.

गाळ्यावर उभ्या उभ्या बहिणीला फोन लावला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी. वाजून वाजून बंद झाला. तीन रविवार झाले, ती उचलत नाही.

काका, मी घट्ट बसले होते, बरी होते. तुम्ही मला जागची हलवलीत आणि निघून गेलात. आता तिकडून कुणी बोलत नाही आणि इकडे कुणी येत नाही. याचा जाब कोण देणार? बोला ना!