आधी घोडा, मग सवार

देवाने आधी घोडा केला आणि उरलेल्या वेळात बाकीची सृष्टी कशीबशी उरकली, असं माझ्या सासऱ्यांचं ठाम मत आहे. राजस्थानात घोड्यांच्या रिसाल्यात चोवीस वर्षं काढून ते दफेदार झाले आणि पेन्शन घेऊन कुडपणला परत आले. गाव त्यांना दफेदार म्हणतं, मी मामा म्हणतो. कुडपण म्हणजे पोलादपूरच्या डोक्यावरचा डोंगर. तिथे गाई, म्हशी, शेळ्या, झालंच तर एखादा बिबट्या, सगळं सापडेल. घोडा तेवढा सापडणार नाही. त्यामुळे घोड्यांविषयीचं सगळं ज्ञान मामांना गेली तीस-पस्तीस वर्षं माणसांवरच वापरावं लागतं आहे.

मला बघायला ते आमच्या घरी आले, तेव्हा मला याची कल्पना नव्हती. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला. बी. ए.चं सर्टिफिकेट, मार्कलिस्टा, महाडच्या नोकरीचं पत्र, सगळं एका फायलीत लावून मी इस्त्रीच्या शर्टात बसलो होतो. मामांनी फाईल घेतली, न उघडता मांडीखाली ठेवली आणि म्हणाले, "जरा चालून दाखवा." आमच्याकडे मुलीला चालायला लावतात, मुलाला लावलेलं कुणी ऐकलं नव्हतं. दारातल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी गोठ्यापर्यंत जाऊन आलो. मामांनी माझी चप्पल उलटी करून पाहिली. "डावी टाच जास्त झिजते. ओझं डाव्या खांद्यावर घेता?" कॉलेज सुटल्यावर वडिलांबरोबर मी भाताच्या गोणी वाहायचो, हे फायलीत कुठेच लिहिलेलं नव्हतं. घेतो म्हणालो. "मग हरकत नाय," म्हणाले, आणि इतका वेळ निवत ठेवलेला चहा प्यायले. मला मात्र पुढे वर्षभर त्या न उघडलेल्या फायलीचा राग होता.

त्यांच्या घरी चढण चढून आलेल्या पाहुण्याला पाणी मिळत नाही. आपल्याकडे पाहुणा उंबऱ्यात आला की आधी तांब्या-भांडं पुढे येतं. मामांच्या घरी आधी पाहुण्याला अंगणात दोन फेऱ्या मारायला लावतात. तापलेल्या घोड्याला लगेच पाणी पाजलं तर त्याच्या पोटात कळ येते. "घाम आटू द्या," ते सांगतात, आणि पाहुण्याच्या मानेला हात लावून खात्री करून घेतात. एकदा ग्रामसेवक असे फिरत असताना मामींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मागल्या दारी बोलावून त्यांना गुपचूप लोटा दिला होता. महाडच्या डेपोत मामा एसटीच्या भोवतीही फेरी मारतात. घाट उतरून आलेल्या ड्रायव्हरला ते जरा दम घ्यायला सांगतात. गाडीला की त्याला, हे स्पष्ट करत नाहीत.

पण त्यांच्या ज्या सवयीला गाव सगळ्यात जास्त हसलं, ती जेवणाची. रिसाल्यात घोड्याने तोबऱ्यात तोंड घातल्याशिवाय सवाराने जेवायचं नाही असा नियम होता. मामांनी तो रजेवर येत तेव्हापासूनच घरी आणला. डोंगरात पुरुषांची पंगत आधी, मग पोरं, आणि शेवटी भांड्यात उरेल ते बायकांचं. मामांच्या घरी आधी पोरं, मग मामी, आणि शेवटी दफेदार. नव्या नवरीला नवऱ्याच्या आधी जेवायचं म्हणजे केवढी लाज. मामी सांगतात, "रडत जेवायची मी. हे समोर बसून बघायचे, पानात टाकलं नाय ना." शेजारणी टोमणे मारायच्या, "काय गो, आज चंदी खाल्लीस काय?" चंदी म्हणजे घोड्याचा खुराक. मामींनी बरीच वर्षं ते ऐकून घेतलं आणि मग एक दिवस म्हणाल्या, "खाल्ली. तुझा नवरा घालतो काय तुला?" त्यानंतर तो टोमणा बंद झाला.

दोन वर्षांपूर्वी भातकापणीनंतर मामींच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. पंधरा दिवस महाडच्या दवाखान्यात काढले. जीव वाचला, पण डावा पाय लाकडासारखा आणि जीभ जड. डॉक्टर म्हणाले, हळूहळू उभं करा, व्यायाम करून घ्या, पण किती चालतील ते सांगता येत नाही. माझे दोन्ही मेहुणे मुंबईला असतात. त्यांनी ठरवलं की शिमग्याला यायचं, तोवर आई चालली तर ठीक, नाही तर तिला मुंबईला न्यायचं. तिथे खाट होती, बाई ठेवता येणार होती. मी शिकलेला म्हणून माझा सल्ला विचारला, आणि मीही तेच बरं म्हणालो. मामा एवढंच बोलले, "घोडं आडवं राह्यलं की आतून बसतं. तिकडं नेलीत तर ती उठायची नाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी अंगणात कमरेइतक्या उंचीवर दोन बांबू बांधले. सकाळी कोमट तेल, मग पेंढ्याची मऊ जुडी वळून पाय चोळायचा, मग उभं करायचं. घोड्याला धरून नेणारा नेहमी त्याच्या डाव्या खांद्याशी चालतो. मामींचं डावंच अंग गेलेलं, त्यामुळे मामांना आपली जागा शोधावी लागली नाही. "शाबाश बेटा, धीरे," असं रिसाल्यातलं हिंदी चालायचं, आणि दहा पावलं झाली की उघड्या तळहातावर गुळाचा खडा. मी मोबाइलवर शोधून व्यायामाचे कागद छापून नेले. मामांनी ते मला मोठ्याने वाचायला लावले, मन लावून ऐकले आणि म्हणाले, "बरोबर हाय. घोड्यांचंच लिव्हलंय."

महिनाभर मामी मुकाट्याने पाय ओढत राहिल्या. बोलायच्या त्यातलं काही कळत नसे. एका सकाळी मी ऑफिसला निघालो होतो, तर मामांचा फोन. "जावईबापू, बोलली. साफ बोलली." काय बोलल्या म्हणून विचारलं. "म्हणाली, मी काय तुमची घोडी हाय?" आणि लगेच पुढे, "राग आलाय तिला. आता चालेल."

शिमग्याला मेहुणे आले ते मुंबईच्या गाडीचं ठरवूनच. पालखी अंगणात आली. ढोल थांबले, पालखी टेकवली. मामी बांबूच्या टोकाशी उभ्या होत्या, हातात खण-नारळाचं ताट घेतलेली त्यांची सून बाजूला. पालखी सात-आठ पावलांवर होती. मामा नेहमीच्या जागी उभे राहिले, चार पावलं बरोबर चालले, आणि मग हात काढून घेऊन जागच्या जागी थांबले. मामींनी एकदा वळून त्यांच्याकडे असं पाहिलं की घरात गेल्यावर त्यांचं काही खरं नव्हतं. आणि उरलेलं अंतर एकट्या गेल्या. ओटी भरली. थोरला मेहुणा बाजूला जाऊन गाडीवाल्याला फोन करू लागला. फोनवर तो फक्त "नको, राहू दे" एवढंच म्हणाला.

आता मामी रोज संध्याकाळी रस्त्याच्या वळणापर्यंत जाऊन येतात. काठी आहे, पण ती बहुतेक कुत्र्यांसाठी. मामा डाव्या खांद्याशी असतात. गेल्या महिन्यात मीही त्यांच्याबरोबर गेलो. चढावर मामांचा श्वास वाजत होता, एकेक पाऊल मागे पडत होतं. मामी थांबल्या, पदर नीट केला, दरीत काहीतरी बघितलं. मामा पोचले तशा पुन्हा निघाल्या. असं तीनदा झालं. परतताना मामा शेताचा बांध बघायला थांबले, तेव्हा मामी हळूच म्हणाल्या, "त्यांना बोलू नका हां बापू. वाईट वाटंल."

मी मागे राहून मामांना सोबत केली. ते बांधावर बसून दम घेत होते. पुढे हळूहळू चाललेल्या मामींकडे बघत म्हणाले, "दमते अजून. थांबावं लागतं हो तिच्यासाठी."

मी होय म्हणालो आणि त्यांच्या शेजारी बसलो.