आमचा उघडझापीचा पूल

आमच्या मळ्याकडं जायला आता सिमेंटचा पूल झालाय. नवरा मोटारसायकलवरून ऐटीत म्हणतो, "पाह्य, दोन मिनटात घर!" डोंबलाचं घर! घरी चाललोय असं वाटायलासुद्धा वेळ मिळत नाही. खरं सांगते, तो जुना ड्रमांचा पूल आठवला की माझा जीव अजून कासावीस होतो.

कौंडण्यपूरच्या वरच्या अंगाला, वर्धा नदीच्या पलीकडे माझं सासर. फुलांचा आणि भाजीचा मळा. सासरे मी येण्याआधीच गेले. त्यांनी डांबराचे रिकामे ड्रम तारेच्या दोरानं जखडून, वर बाभळीच्या फळ्या ठोकून नदीवर पूल तरंगवला होता. पावसाळ्यात तो सोडवून मळ्यात रचून ठेवायचा, दसऱ्यानंतर पुन्हा जोडायचा. पण खरी गंमत मधल्या तुकड्याची. मासोळ्या धरणाऱ्यांचे डोंगे एवढ्या बुटक्या पुलाखालून जाणार कसे? म्हणून तो तुकडा एका टोकाला कड्यांत अडकवलेला आणि आमच्या काठाकडच्या टोकाला लोखंडी खिटी. खिटी उपसली की धारच त्याला दारासारखी ढकलून उघडायची. लावायचा म्हटलं की मात्र काठावरच्या कप्पीतून दोर ओढायचा, तोही धारेच्या उलट. एकट्यादुकट्याचं ते काम नव्हे. नवरा पहाटे फुलं घेऊन अमरावतीच्या बाजारात गेला की दिवसभर पूल डोंग्यांसाठी उघडा. संध्याकाळी तो पलीकडून हाक मारायचा, मग मी आणि सासूबाई दोर ओढायचो.

मी अमरावतीची, वडील भिक्षुकी करणारे. कॉलेजात जमलं आणि घरच्यांचं नाक मुरडणं सोसून मी या मळ्यात आले. पहिलंच वर्ष. मी वरणात गूळ घातला. सासूबाईंनी मजूर बायांच्या पंगतीत घास तोंडात घेतला आणि सगळ्यांदेखत विचारलं, "काहून वं, हे वरन हाये का चाय?" बाया खदाखदा हसल्या. माझं टाळकंच सटकलं. मी पिशवी भरली आणि निघाले माहेरी.

काठावर आले तर पूल उघडा. आली का पंचाईत! जिच्यावर रुसून निघाले तिलाच बोलवू? मी तशीच उभी राहिले. सासूबाई मागून आल्या आणि दोर हातात देत म्हणाल्या, "ओढ." दोघींनी दातओठ खात ओढला. मला वाटलं होतं, अडवतील, निदान दोन शिव्या तरी हासडतील. त्यांनी खिटी बसवली आणि म्हणाल्या, "येशीन तवा हाक मारजो." मी वळूनही पाहिलं नाही.

माहेरी सगळं कसं गोड गोड. आई म्हणे, "राहा हो हवं तितकं." आणि शेजारणीजवळ हळूच, "त्या लोकांत हिचं निभणार नाही, आम्हाला ठाऊकच होतं." नवरा बाजार उरकून रोज फाटकाशी येऊन थांबायचा. त्याला आत या म्हणायचं कुणाला सुचत नसे, आणि घरी चल म्हणायला त्याची जीभ रेटत नसे. मला मात्र तोंडावर फटकन बोलणाऱ्या त्या बाईची आठवण यायला लागली, आणि येते म्हणून आणखी राग यायचा. शेवटी एक दिवस शेजारीण म्हणाली, "मग आता कायमचीच ना?" त्याच क्षणी मी उठले आणि एसटी गाठली. पण गाडीत पुन्हा अभिमान उसळला. ठरवून टाकलं, पूल लावलेला असला तर जाईन. उघडा असला तर काठावरून हाका मारणार नाही, आल्या पावली परत, मग संसाराचं काय व्हायचं ते होवो.

पोचले तेव्हा भर दुपार होती, पूल उघडा असण्याची वेळ. आणि पाहते तर लावलेला! नशीब म्हटलं, आणि फळीवर पाय ठेवला.

मधल्या तुकड्याशी डोंगा अडकवून एक म्हातारा बसला होता. मला पाहून तडकलाच. "आलीस का माय एकदाची! तू गेली तवापासून तुह्या सासूनं पूल खोलूच नाही देल्ला. आमी डोंगे खांद्यावर घेऊन काठाकाठानं हिंडून राहिलो!"

"काहून?"

"मले काय इचारतं? थे म्हने, माही सून लय ताठ्याची. हाक नाही मारनार. पूल खुला दिसला तं तशीच वापस जाईन."

मला रडूच फुटलं. भर पुलावर, त्या परक्या म्हाताऱ्यासमोर मी भोकाड पसरलं. मग नाक पुसत तो तुकडा ओलांडला, वाकले आणि स्वतःच्या हातानं खिटी उपसली. माझ्यामागं पूल धारेनं उघडत गेला.

"जाय बाबा," मी म्हटलं, "आता मले कुठीच जायचं नाही."